मिरजेतली भट्टी, नाताळची नानकटाई आणि केकवरची अक्षरं

पाचपैकी पाच स्टार. मैदा, तूप, पिठीसाखर घरनं न्यायची आणि या बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून घ्यायची, हे आमच्याकडं आईच्या वेळेपासनं चालू आहे. करंज्या, चकल्या घरी आणि नानकटाई इथं, त्याशिवाय नाताळचा फराळ पुरा होत नाही. यंदा दोन किलोची केली, खालनं एक पण करपली नाही, वेलदोडा आपल्यासमोर कुटून घालतात आणि ट्रेला चिठ्ठी लावतात म्हणजे एकाचं पीठ दुसऱ्यात जात नाही. गर्दी लई, मी दीड तास बाकावर बसले.

पण लिहायला बसले ते केकसाठी. सोबत भाचा होता, पुण्यात शिकतो, यंदा आल्या आल्या म्हणाला आत्या मी नाताळ मानणार नाही, तो रोमन लोकांचा सूर्याचा सण होता, बायबलमध्ये तारीख कुठंय सांग. बाकावर तोच विषय. पोरगं मनापासनं बोलत होतं, देवाला नको ते आपल्या हातनं होऊ नये एवढीच त्याची काळजी, म्हणून मी पण नीट उत्तर दिलं. तारीख बायबलमध्ये नाही हे खरंच आहे. पण सूर्याच्या सणावरनंच घेतली हे पण पक्कं नाही, कारण 25 डिसेंबरला सूर्याचा दिवस आणि ख्रिस्तजन्म या दोन्हीच्या जुन्या नोंदी रोमच्या 354 सालच्या एकाच संग्रहात मिळतात, मग आधी कुठलं ते त्यावरनं ठरत नाही. काही अभ्यासक म्हणतात की 25 मार्चला गर्भधारणा धरून पुढं नऊ महिने मोजले. आर्मेनियन चर्च तर 6 जानेवारीला पाळतं. नाताळच्या झाडाबद्दल त्यानं बायबलमधला यिर्मया संदेष्ट्याचा 10 वा अध्याय काढला, पण तिथं लाकडाची मूर्ती घडवून तिला सोन्या-रुप्यानं मढवायची गोष्ट आहे, दारातल्या झाडाची नाही.

आणि असं म्हणणारा तो काय पहिला नाही. मिरजेत दवाखाना काढणारं मिशन प्रेसबिटेरियन पंथाचं, त्यांचं मूळ स्कॉटलंडच्या चर्चमधलं आणि त्या चर्चनं नाताळ कित्येक पिढ्या पाळलाच नाही, तिथं 25 डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी 1958 ला सुरू झाली. ती माणसं प्रभूवर कमी प्रेम करणारी होती असं मी कधीच म्हणणार नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलानं रोमकरांस पत्रात 14 व्या अध्यायात लिहिलंय, कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, ज्यानं त्यानं आपल्या मनाची खातरी करावी, खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये. मला हे दोन्हीकडनं पटतं. त्यानं माझी करंजी बाटली म्हणू नये, आणि मी त्याला चर्चमध्ये चार लोकांत टोचून बोलू नये. तो घरात आहे तोवर झाड आणायचं नाही असं मी तिथंच ठरवलं, चांदणीचा कंदील मात्र लावणार, त्याला पण चालतंय म्हणाला.

एवढ्यात काउंटरवरनं हाक आली, मावशी केकवर मेरी ख्रिसमस लिहू ना? भाचा गप्पच झाला. काउंटरवरच्या मामांनी त्याचं तोंड बघितलं आणि म्हणाले, दुसरं काय पाहिजे तर कागदावर लिहून दे बाळा, मी तसंच काढतो. त्यानं लूकच्या शुभवर्तमानातलं लिहिलं, तारणारा जन्मला आहे. पांढऱ्या क्रीमनं हळूहळू काढलं, एक काना इकडचा तिकडं नाही, शेवटी कागद परत त्याच्यापुढं धरून बरोबर आहे का बघ म्हणाले. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. घरी केक त्यानंच कापला आणि पहिला तुकडा मला दिला.

20 तारखेच्या आत जा, नंतर उभं राहायला जागा नसते. घट्ट झाकणाचे डबे न्या, कागदात बांधलेली नानकटाई रिक्षात फुटते.