ओव्हरलीफवरचं 'जेक्स रेझ्युमे' टेम्प्लेट: फुकट आहे आणि खरंच कामाचं आहे

आयटीत किंवा सॉफ्टवेअरच्या आसपास कुठेही अप्लाय करत असाल आणि रेझ्युमे अजून धड झाला नसेल, तर कुणाला पैसे देऊन बनवून घ्यायच्या आधी हे एकदा वापरून बघाच. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येतंच.

ओव्हरलीफ म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा लेटेकचा एडिटर, आणि लेटेक म्हणजे मजकूर कोडमध्ये लिहून त्याची नीट मांडलेली पीडीएफ काढायची पद्धत. इन्स्टॉल काही करायचं नाही, फ्री अकाउंट पुरतं. गॅलरीत जेक्स रेझ्युमे सर्च करायचं, टेम्प्लेट उघडायचं, डावीकडे कोड दिसतो आणि उजवीकडे पीडीएफ. कोड बघून घाबरू नका, प्रोग्रामिंग यायलाच पाहिजे असं काही नाही, महिरपी कंसातला सॅम्पल मजकूर खोडून आपला टाकायचा आणि रिकम्पाइल दाबायचं, बस.

मला हे आवडतं ते यात काय नाहीये त्याच्यासाठी. आपल्याकडे कॉलेजमधून बाहेर पडणारी मुलं अजून बायोडेटाच्या फॉरमॅटमध्ये लिहितात, वडिलांचं नाव, जन्मतारीख, मॅरिटल स्टेटस, हॉबीज, वरती करिअर ऑब्जेक्टिव्हच्या तीन ओळी आणि खाली 'वरील माहिती खरी आहे' असं डिक्लरेशन, ठिकाण, तारीख, सही. अर्धं पान इथेच संपतं आणि पोराला काय येतं ते कळतच नाही. या टेम्प्लेटमध्ये वर नाव, त्याखाली एका ओळीत फोन, मेल, लिंक्डइन, गिटहब (आपला कोड ठेवायची साइट) आणि मग एज्युकेशन, एक्सपिरियन्स, प्रोजेक्ट्स, टेक्निकल स्किल्स. एकच कॉलम, एकच पान. फोटोला जागा नाही, 'जावा ८० टक्के' दाखवणाऱ्या पट्ट्या नाहीत.

आणि आत्ता हे जास्त महत्त्वाचं आहे. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात इन्फोसिसची माणसं जवळपास २६ हजारांनी कमी झाली, टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के म्हणजे १२ हजारांच्या वर लोक कमी करणार असं जाहीर केलं. म्हणजे फ्रेशरच्या लाईनीत आता अनुभववाले पण उभे आहेत, एचआरसमोर ढीग असतो आणि ती आधी कीवर्ड टाकून सर्च करते, मग उघडून वाचते.

इथे या टेम्प्लेटची एक गोष्ट फार चांगली आहे जी वरवर बघून कळत नाही. पीडीएफमधला मजकूर सॉफ्टवेअरला नीट वाचता यावा म्हणून कोडमध्ये सुरुवातीलाच सेटिंग करून ठेवलंय. लेटेकच्या फॉन्टमध्ये 'सर्टिफिकेट'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला एफ आणि आय जोडून एकच अक्षर छापलं जातं, असं अक्षर कॉपी करताना कधी कधी गायब होतं, ते या सेटिंगमुळे होत नाही. खात्री करायची तर पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. सगळे शब्द ओळीने आले की झालं. दुसरीकडून केलेला रेझ्युमे असेल तरी ही टेस्ट कराच, दोन कॉलमवाल्या डिझाइनमध्ये इकडची ओळ तिकडे गेलेली बऱ्याचदा सापडते.

आता सांभाळायच्या गोष्टी. टेम्प्लेट अमेरिकन लेटर साइजच्या कागदावर सेट आहे, कोडच्या सुरुवातीला documentclass ची ओळ आहे तिथे letterpaper च्या जागी a4paper करा, म्हणजे इथे प्रिंट काढताना मार्जिन बिघडणार नाही. दुसरं म्हणजे टक्क्याचं चिन्ह. लेटेकमध्ये % च्या पुढचं त्या ओळीतलं सगळं कॉमेंट समजून सोडून दिलं जातं, म्हणजे बारावीचे ८२% लिहिले की पुढचा कंसच गायब आणि स्क्रीनभर लाल एरर. त्याच्याआधी बॅकस्लॅश द्यायचा, असं: \%. & आणि # ला पण तेच, त्यामुळे सी शार्प लिहिणाऱ्यांनी खास लक्ष द्या. अनुभव असेल तर एक्सपिरियन्सचा अख्खा ब्लॉक कट करून एज्युकेशनच्या वर टाका.

माझ्या मावसभावाला हे दिलं तर तो म्हणाला, "ताई, एक्सपिरियन्समध्ये लिहायला माझ्याकडे काहीच नाही गं." मी म्हटलं ब्लॉकच उडव, प्रोजेक्ट मोठे कर. त्याने लिहिलेलं, कॉलेजसाठी हजेरीचं अ‍ॅप बनवलं. आम्ही बसून एकेक विचारत गेलो, किती वर्गांनी वापरलं, आधी हजेरी कशी व्हायची, त्यात तू नेमकं काय लिहिलंस, काय अडलं. त्यातून आलं की डेटाबेसचा भाग पूर्ण त्याचा होता, दोन वर्गांनी अख्खं सेमिस्टर वापरलं आणि महिनाअखेरीची डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी, आपोआप निघायला लागली. झाल्या ना तीन ओळी! आणि तिन्हीवर इंटरव्ह्यूत विचारलं तर तो दहा मिनिटं बोलू शकतो. टेम्प्लेट ही ओळ लिहून देत नाही, एआयला सांगितलं तर तो भारी इंग्रजी देईल पण डिफॉल्टर लिस्टचं त्याला कुठून कळणार, ते तुमच्याच डोक्यातून काढावं लागतं. आकडे मात्र खरेच टाका प्लीज, पॅनलवाला दुसऱ्याच प्रश्नात पकडतो.

अर्धा स्टार कापला तो वर्ड फाइलसाठी. ओव्हरलीफमधून पीडीएफ मिळते, पण काही कन्सल्टन्सीवाले वर्डच मागतात, मग तोच मजकूर गुगल डॉक्समध्ये साध्या एका कॉलममध्ये टाकून ठेवावा लागतो. मराठीतून सीव्ही पाहिजे असेल तरी डॉक्सच बरं, यात थेट देवनागरी टाईप केलं तर उमटत नाही. आणि सिव्हिल, फार्मा, अकाउंट्सवाल्यांनी वापरलं तर चालेल, फक्त गिटहबची लिंक काढा आणि टेक्निकल स्किल्समध्ये ऑटोकॅड, टॅली जे येतं ते लिहा.

फ्री प्लॅनमध्ये बघण्यापुरती लिंक पण शेअर करता येते, ती एखाद्या सिनियरला पाठवा. मोबाईलवर मात्र एडिट करायच्या भानगडीत पडू नका, लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये तासभर बसा.