रोम घ्यायचं तर कोणतं: 'टोटल वॉर: रोम टू' की 'इम्पेरेटर: रोम'?

दोन्ही गेमच्या नावात रोम, दोन्हींत हत्ती, आणि सेल लागला की दोन्ही बऱ्यापैकी स्वस्त. त्यामुळे 'यातलं एक घेतलं की झालं' असं वाटतं. तसं नाही. एकात तुम्ही सेनापती असता, दुसऱ्यात कारभारी. चुकीचं घेतलंत तर चार तासांत कंटाळून डिलीट कराल.

फरक कळायला ग्रीसकडच्या एपिरस राज्याचा राजा पिऱ्हस घ्या. रोमनांना हरवता हरवता स्वतःचंच सैन्य संपवून बसला, तो हाच. 'रोम टू'चं मुख्य कॅम्पेन इ.स.पू. २७२ मध्ये सुरू होतं, आणि त्याच वर्षी पिऱ्हस आर्गोसच्या गल्लीबोळांतल्या लढाईत मारला गेला. 'इम्पेरेटर' सुरू होतो इ.स.पू. ३०४ मध्ये, तेव्हा हा गडी जेमतेम १५ वर्षांचा. म्हणजे पहिल्या गेममध्ये इटलीचा निकाल जवळजवळ लागलेला असतो आणि समोर रोमचं वैरी कार्थेज दिसत असतं. दुसऱ्यात रोम आजूबाजूच्या दहा जणांतलं एक, आणि तिकडे पूर्वेला अलेक्झांडरचे सरदार त्याच्या राज्याच्या वाटण्यांवरून अजून भांडतायत.

'रोम टू'चा जीव त्याच्या लढायांत आहे. नकाशावर आळीपाळीने टर्न घेत सैन्य सरकवायचं, आणि दोन सैन्यं भिडली की थेट मैदानात उतरायचं. एका सैन्यात जास्तीत जास्त २० तुकड्या. ग्रीकांच्या लांब भाल्यांच्या फळीवर समोरून गेलात की संपलात. तीच फळी तुमच्या पायदळात अडकवून ठेवा, घोडदळ लांबून वळसा घालून पाठीवर घाला, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात अख्खी रांग पळताना बघा. हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागा होतो. आणि जंगलात दबा धरून शत्रूची लांबलचक रांग कापायची सोयही आहे. आपल्याकडच्या माणसाला ती फार लवकर जमते, असं माझं निरीक्षण.

कारभाराची बाजू मात्र पातळ. अन्न, अस्वच्छता, लोकांची नाराजी, एवढं सांभाळायचं. इमारतींचं गणित एकदा कळलं की हात आपोआप चालतात. राजकारण नंतरच्या मोफत अपडेटमध्ये सुधारलं, तरी घराण्यांची मर्जी राखणं हे बहुतेक वेळा एक काम उरकल्यासारखंच वाटतं.

'इम्पेरेटर'मध्ये नेमकं उलटं. लढाई म्हणजे नकाशावर दोन बाहुले एकमेकांसमोर उभे, आकडे खाली येतायत, मध्ये फासे पडतायत. तुम्ही फक्त बघायचं. टर्न नाहीत, वेळ सतत वाहतो, आणि स्पेसबार दाबला की थांबतो. पण खरा खेळ जिंकल्यानंतर सुरू होतो. घेतलेल्या मुलखातली माणसं वेगळ्या भाषेची, वेगळ्या देवांची. त्यांना नागरिकत्व द्यायचं की नाही? दिलं तर ते शांत होतात आणि तुमचे जुने लोक कुरकुरतात. युद्धात पकडलेले गुलाम राजधानीत येऊन शहर फुगवतात. आणि चार मोहिमा जिंकून आलेला सेनापती? त्याचं सैन्य आता राज्याचं नाही, त्याचं झालेलं असतं. त्याला परत बोलवावं तर बंड, नाही बोलवावं तर आणखी मोठं बंड. सीझर आपलं सैन्य घेऊन रोमवरच चालून गेला, ते प्रकरण का घडलं हे मला पुस्तकापेक्षा इथे जास्त नीट कळलं.

शिकायला मात्र जड. पहिले सात-आठ तास पडद्यावरची अर्धी चिन्हं कशाची आहेत हेच कळत नाही.

जुनी परीक्षणं वाचून ठरवणार असाल तर जपून. दोन्ही गेमना सुरुवातीला यथेच्छ शिव्या पडल्या होत्या. २०१३ मध्ये आलेला 'रोम टू' बगनी भरलेला होता. वर्षभराने 'एम्परर एडिशन' आलं तेव्हा तो रुळावर आला. २०१९ चा 'इम्पेरेटर' २०२१ च्या २.० अपडेटने पार बदलला, आणि दोनच महिन्यांत तो बनवणाऱ्या पॅराडॉक्स कंपनीने त्याचं काम थांबवलं. चांगला झाला आणि वाऱ्यावर सोडला! त्यानंतर त्याला तगवलं ते चाहत्यांनी. 'इन्व्हिक्टस' हा मोफत मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये घातलेली भर, टाकल्याशिवाय खेळूच नका. 'रोम टू'साठी तसाच 'डिव्हाइड एट इम्पेरा' आहे, पण तो अवघड. आधी मूळ गेम एकदा संपवा.

पैशाचं म्हणाल तर 'रोम टू'ची डीएलसीची, म्हणजे वेगळे पैसे मोजून घ्यायच्या जोडभागांची, यादी लांबलचक आहे. स्पार्टा किंवा अथेन्स घेऊन खेळायचंय? वेगळे पैसे. लढाईत रक्त दिसायला हवंय? त्याचेही वेगळे पैसे, खरंच. रोम किंवा कार्थेज घेऊन खेळणार असाल तर यातलं काहीच लागत नाही. लॅपटॉपला चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मोठ्या लढायांत तो हाय खाईल. 'इम्पेरेटर'चा भार प्रोसेसरवर जास्त.

एक गोष्ट आपल्या बाजूची. 'रोम टू'च्या नकाशात हिंदुस्थान नाहीच. 'इम्पेरेटर'मध्ये मात्र दख्खनसकट सगळा आहे, आणि पाटलीपुत्रात चंद्रगुप्त बसलेला आहे. इतिहासात याच सुमारास अलेक्झांडरच्या त्या सरदारांपैकी सेल्युकसने तह करून त्याच्याकडून ५०० हत्ती घेतले होते. मोह होईल, पण पहिल्याच खेळाला मौर्य घेऊ नका. पसारा एवढा की कुठे काय चाललंय कळत नाही. आधी रोम, नाहीतर तो पोरसवदा पिऱ्हस घ्या.

आणि मौर्यच हवेत, पण खिसा रिकामा आणि लॅपटॉप जुना, अशी गत असेल तर 'झिरो ए.डी.' बघा. एज ऑफ एम्पायर्सच्या वळणाचा, पूर्ण मोफत, आणि त्यात मौर्यांचे हत्ती पहिल्या दिवसापासून तुमचेच.

माझ्या लॅपटॉपवर सध्या 'इम्पेरेटर' आहे. पण शनिवारी मित्र घरी आले की 'रोम टू'च लागतो, कारण कर कसा बसवला हे शेजारी बसून कोण बघणार?