रीपरचा स्टिरिओ पॅन आणि रीईक्यू : भजनाच्या मिक्ससाठी पुरेसं आहे का?

माझ्या मते हो, कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग-मिक्सिंग करायचं हे सॉफ्टवेअर पुरतं, आणि वर पैसे वाचतात ते वेगळंच. ६० दिवस ट्रायल फुल चालते, लायसन्स ६० डॉलर, अजून काय पाहिजे.

तबला दोन माईकवर स्टिरिओ घेतला असेल तर रीपरचा डीफॉल्ट पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवायची सोय) हा नुसता बॅलन्स आहे, म्हणजे नॉब डावीकडे फिरवला की उजवा चॅनल फक्त बारीक होत जातो, डग्गा उजव्या माईकवर असेल तर तोच गायब! त्यापेक्षा पॅन नॉबवर राइट क्लिक करून स्टिरिओ पॅन निवडा, विड्थचा (आवाज डावी-उजवीकडे किती पसरतो त्याचा) नॉब येतो, ती ४०-५० टक्क्यांवर आणा आणि मग अख्खा तबला हवा तिथे सरकवा, काहीच हरवत नाही. विड्थ मायनसमध्ये नेली की डावं-उजवं अदलाबदल होतं, हे फार कामाचं.

रीईक्यू, म्हणजे रीपरमधला इक्वलायझर, दिसायला अगदीच साधा, पण बँड (सुरांचे जाड-बारीक पट्टे, जे कमी-जास्त करता येतात) हवे तेवढे टाका. पेटीला १०० हर्ट्झच्या आसपास हाय पास (त्याखालचा जाड आवाज कापणारा फिल्टर) लावला आणि ३०० जवळ दोनेक डीबी काढले की गाणाऱ्याचा आवाज आपोआप पुढे येतो. मिड-साइड ईक्यू (मधला आणि कडेचा आवाज वेगवेगळा सुधारायची सोय) मात्र यात थेट मिळत नाही, त्याची उणीव भासते राव.

आणि मास्टरचं (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्याचं) मोनो बटण, म्हणजे डावं-उजवं एक करणारं, दाबून एकदा ऐकाच, कारण देवळातला कर्णा काही स्टिरिओ नसतो 😄