पूर्ण बाह्यांचा लांब ड्रेस: उभं असताना ठीक, हात वर केल्यावर काय?

अंगभर कपड्यांच्या जाहिराती आत्मविश्वास देण्याचं वचन देतात. ड्रेसकडून तेवढी अपेक्षा नको. आहे तो घालवू नये, एवढं त्याने केलं तरी पुरे. दिवसभर गळा वर ओढायचा, बाजूची फट धरायची, खिडकीसमोर उभं राहणं टाळायचं असेल, तर बाईचं अर्धं लक्ष कामात आणि अर्धं स्वतःच्या अंगावर. पूर्ण बाह्या, बंद गळा, घोट्यापर्यंत लांबी आणि समोर बटणं असा व्हिस्कोजचा तयार ड्रेस सर्रास विकला जातो. तो अंगावर आहे हे विसरता येतं का, ही त्याची खरी कसोटी.

कापडाला पैकीच्या पैकी नाही, पण बरे गुण. व्हिस्कोजला पडण छान असते आणि पॉलिस्टरपेक्षा घाम चांगला टिपला जातो. मात्र ते ओलं झालं की कमजोर होतं आणि धुतल्यावर तीन ते पाच टक्के आटू शकतं. 54 इंच लांबीत हे दीड ते पावणेतीन इंच होतात, म्हणजे घोट्याचा ड्रेस पोटरीवर येतो. आधी धुवा, मगच खालची दुमड घाला. ओला ड्रेस हँगरला लावला तर पाण्याच्या वजनाने वेडावाकडा ताणला जातो. आडवा पसरून वाळवा.

पारदर्शकता तपासायला आरसा कामाचा नाही, कारण उजेड समोरून येतो. उजेडाच्या खिडकीकडे पाठ करून पाय थोडे फाकून उभं राहा आणि दुसऱ्या कुणाला समोरून बघायला सांगा. मग खाली बसा. मांडीवर आणि नितंबावर कापड ताणलं की विण उघडते. फिक्या रंगाखाली पांढरी स्लिप उठून दिसते, त्वचेच्या रंगाची दिसत नाही. अस्तर गुडघ्यापर्यंतच असेल तर उन्हात तिथे आडवी रेघ उमटते. ते खालच्या काठापेक्षा इंचभरच आखूड हवं. आणि पॉलिस्टरचं अस्तर कोरड्या हवेत पायांना चिकटतं, तेव्हा झाकलेलं सगळं पुन्हा आकारासकट दिसतं.

खरी गोची मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या खांद्याखालच्या कापात आहे. 'सैल म्हणजे शालीन' असं धरून कारखाने मुंढा खोल कापतात. बाही घट्ट आणि मुंढा खोल असला की हात वर करताना बाहीबरोबर अख्खा ड्रेस वर जातो. वरच्या फळीवरचा डबा काढताना घोटेच काय, पोटऱ्याही दिसतात. मुंढा बगलेच्या जवळ असला तर हात मोकळा फिरतो. खोलच हवा असेल तर बगलेत कळी, म्हणजे कापडाचा जास्तीचा तुकडा, घालावी लागते. दोन्ही हात डोक्यावर न्या. काठ दोन इंचांहून जास्त उचलला गेला तर तो ड्रेस परत करा. हा दोष घरी सुधारत नाही, कारण कापून टाकलेलं कापड परत येत नाही.

समोरची बटणं छातीवर फाकतात. छातीच्या सर्वात भरलेल्या रेषेवर बटण नसणं हे त्याचं कारण. दोन बटणांच्या मध्ये आतून टिच बटण लावलं की काम होतं. खालचा घेर साठ इंचांच्या आत असेल तर जिना चढताना पाय अडकतो. मग कारखाना बाजूला फट ठेवतो आणि ती बसल्यावर गुडघ्यापर्यंत उघडते. फटीऐवजी आत वळलेली चुणी असलेला नमुना निवडा. खिसे शक्यतो कमरेच्या शिलाईत अडकवलेले बघा. नुसत्या बाजूच्या शिलाईवर फोनचं वजन पडलं की ड्रेस एका अंगाला लोंबतो.

मोठ्या मापांबाबत मात्र या ड्रेसला नापासच करावं लागेल. घेर वाढवतात, समोरची लांबी तीच ठेवतात. भरलेल्या छातीवरून कापड जास्त वाट चालतं, त्यामुळे पुढचा काठ मागच्यापेक्षा वर उचललेला दिसतो. बाई आरशात बघून स्वतःच्या अंगाला दोष देते. त्यात विक्रीच्या वर्णनात 'जाडी लपवतो' लिहिलेलंच असतं! चूक कागदी नमुन्याची असते.

खेळाच्या कपड्यांत हा विचार बराच पुढे गेला आहे. नायकेने 2017 साली जाहीर केलेला खेळाचा हिजाब हलक्या, हवा खेळणाऱ्या कापडाचा आहे. झाकायचं आणि पळायचंही, हे गृहीत धरून केलेला. रोजच्या ड्रेसच्या कटिंगला तेवढा मान अजून मिळालेला नाही.

मापाचा तक्ता बघताना आकडे अंगाचे आहेत की शिवलेल्या कपड्याचे, ते आधी वाचा. कपड्याचे असतील तर छातीला स्वतःच्या मापापेक्षा चार ते सहा इंच जास्त हवेत. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर खांद्याला बसेल ते घ्या, फक्त छातीला पुरतंय ना ते बघून. बाजू आत घ्यायला दोन सरळ टिपा पुरतात, उतरलेला खांदा वर घ्यायला बाही उसवावी लागते.