84 गोळ्या, एक सेमिस्टर आणि ॲसिडिटी

हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताला होणारा विषाणूचा संसर्ग, त्यासाठी मी सोफोसबुविर 400 आणि वेल्पाटासविर 100 मिलिग्रॅमची एकत्र गोळी घेतली. रोज एक, 12 आठवडे, म्हणजे 28 गोळ्यांच्या तीन बाटल्या. ऑगस्टमध्ये सुरू केली, ऑक्टोबरअखेर संपवली, आणि त्यातच एलएलबीच्या शेवटच्या वर्षाची सेमिस्टर उरकली. मी डॉक्टर नाही, अनुभव माझ्यापुरता आहे.

आजार कळला तो भांडुपच्या आमच्या मंडळाच्या 1 मेच्या रक्तदान शिबिरामुळे. दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते. पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, "एकदा येऊन भेटा." मला ना ताप, ना डोळे पिवळे. विषाणू आला कुठून, ते आजतागायत कळलेलं नाही.

घरात मात्र 'कावीळ' हा एकच शब्द पोचला. आजीने हळद बंद केली, उसाचा रस सुरू केला, गावाहून काविळीची माळ देणाऱ्याचा नंबर आला. इथवर ठीक होतं. पण मामीने गुळवेलीचा काढा पाठवला तेव्हा मी हात जोडले. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी 2021मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. असेलही, पण माझ्या यकृतावर तो वाद मिटवायची मला हौस नव्हती.

आता गोळीबद्दल. पूर्वी या आजाराला इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत, कित्येकांना 48 आठवडे. त्या मानाने ही गोळी गरीब गाय. पहिले दोन आठवडे डोकं जड, अंगात शिसं भरल्यासारखा थकवा, आणि झोप गायब. रात्री नऊला जेवणानंतर गोळी घेत होते आणि पहाटे तीनला छताचा पंखा मोजत होते. म्हणून डॉक्टरांना विचारून वेळ सकाळची केली. तर पोह्यांवर गोळी आणि वर भांडुपहून स्लो लोकल! विक्रोळी येईपर्यंत घशाशी यायचं. "गोळी घेतल्यापासून तीन तासांत उलटी झाली तर मला कळव, आणखी एक घ्यावी लागेल," असं डॉक्टरांनी बजावलेलं. मोजून दिलेल्या गोळ्यांतली एक लोकलच्या दारातून बाहेर जाणार, या भीतीनेच मी उलटी दाबून धरायचे. शेवटी दुपारी एकची वेळ ठरली, कॉलेजात डबा खाताना. मैत्रिणींना व्हिटॅमिन म्हणून सांगितलं. एकीने "मलापण दे ना" म्हटलं, तेव्हा जरा पंचाईत झाली.

पण खरा घोळ वेगळाच निघाला. सुरुवातीला डॉक्टरांनी विचारलं होतं, "आणखी काही औषधं चालू आहेत?" मी म्हटलं, "काही नाही." दोन वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेत होते, पण ॲसिडिटीच्या गोळीला आपल्याकडे औषध म्हणतं कोण? कॉलेजच्या गेटवरचा वडापाव, अभ्यासिकेतली चौथी कटिंग आणि ही गोळी, सगळं एकाच हिशोबात. दहाव्या दिवशी आईने सहज उल्लेख केला आणि डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. वेल्पाटासविर नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं. आम्ल मारलं की औषध रक्तात कमी पोचतं.

पॅन्टोप्राझोल त्या दिवसापासून बंद. इतक्या दिवसांची सवय मोडली की पोट काही काळ उलट जास्तच आम्ल तयार करतं, हे कळलं ते जळजळीने. तीन आठवडे छातीत निखारे. ॲसिडिटीचं पातळ औषध चालत होतं, पण गोळीपासून चार तास लांब. म्हणजे सकाळी नऊच्या आत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. मोबाइलवर तीन अलार्म लावले. मिसळ गेली, चहा दोनवर आला, दप्तरात फुटाण्यांची पुडी आली. ऐन गणपतीत गल्लीत ढोल, डोक्यात ढोल, आणि मी मोदक अर्धा खाऊन ठेवलेला.

अभ्यासाचं म्हणाल तर वाचलेलं राहत नव्हतं. त्यात 1 जुलै 2024पासून नवे फौजदारी कायदे आलेले, खुनाच्या कलम 302चं 103 झालं, फसवणुकीच्या 420चं 318. ताज्या डोक्यालाही हे जड, माझं तर धुकं. मग कलमं मोठ्याने वाचून मोबाइलमध्ये रेकॉर्ड केली आणि परतीच्या लोकलमध्ये डोळे मिटून ऐकली. अवघड विषय सकाळी सात ते नऊ, दुपारनंतर फक्त जुन्या प्रश्नपत्रिका. रात्रीचं जागरण पूर्ण सोडलं. एका विषयात जेमतेम सुटले, बाकी बरे.

एक तक्रार आहे. पहिल्या खाजगी दवाखान्यात कोणीच सांगितलं नाही की 28 जुलै 2018पासून हिपॅटायटिससाठी सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यात तपासणी आणि औषध मोफत मिळतं. यकृत फार खराब झालेलं नसेल तर तिथे सहसा सोफोसबुविरसोबत डॅक्लाटासविर देतात. मला कळेपर्यंत पहिल्या बाटलीचे पैसे बाबांनी भरले होते. आधी चौकशी करा. आणि सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का ते विचारा, कारण शरीरात दबून असलेला बीचा विषाणू सीच्या औषधामुळे उसळू शकतो.

शेवटची गोळी झाल्यावर 12 आठवड्यांनी, जानेवारीत, पुन्हा तपासणीसाठी रक्त दिलं. विषाणू सापडला नाही. अँटीबॉडीची, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांची, चाचणी मात्र पुढेही पॉझिटिव्ह येत राहते, त्यामुळे रक्तदान कायमचं बंद.

यंदा 1 मेला मी शिबिरात फॉर्म भरून घ्यायला बसले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गं, तू नाही देत?"

म्हटलं, "गेल्या वर्षी दिलं ना."