केस गळतीवर लोशन की गोळी?

प्रथम काही प्रकार बाजूला काढतो. डेंग्यू, टायफॉइड किंवा कडक डाएट यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जाऊ लागले असतील, तर ही तुलना आपल्यासाठी नाही; ती गळती बहुधा काही महिन्यांत आपसूक ओसरते, फार तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावे. गोल चकती पडली असेल तर ती चाई, तिचे उपचार निराळे. आमच्या घोडबंदर रोडवर सगळे खापर टँकरच्या पाण्यावर फोडतात; जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण कपाळ मागे सरकत जाण्याचे कारण ते नव्हे. वडिलांप्रमाणेच शेंडीची जागा विरळ होत चाललेल्या पुरुषाने मिनॉक्सिडिलचे लोशन लावावे की फिनास्टेराईडची गोळी घ्यावी, एवढाच प्रश्न येथे आहे. त्वचारोगतज्ज्ञ पुष्कळदा दोन्ही एकत्र देतात, परंतु दोन्ही वर्षानुवर्षे निभावणारी माणसे मला फारशी भेटलेली नाहीत.

दोन्ही औषधे मुळात या कामासाठी नव्हती. मिनॉक्सिडिल ही रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून तिचे लोशन झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फिनास्टेराईड १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीवर ५ मिलिग्रॅममध्ये आले आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची केसांची गोळी निघाली. लोशन केसाला वाढीच्या अवस्थेत अधिक काळ ठेवते. गोळी केसांची मुळे आखडवणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरवते. म्हणजे एक खत घालते आणि दुसरी कीड आवरते, असे मी माझ्यापुरते समजून घेतले आहे.

लोशन मी अकरा महिने वापरले आणि ते निरुपयोगी होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या महिन्यात उलट अधिकच केस गळले, जे अपेक्षित असते, आणि चौथ्या महिन्यात शेंडीपाशी बारीक लव दिसू लागली. माझे बिनसले ते औषधाशी नव्हे, तर घड्याळाशी. लोशन दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूला लावायचे आणि नंतर चार तास धुवायचे नाही. पावसाळ्यात आंघोळीनंतर केस सुकण्याआधीच मला ऐरोलीसाठी निघावे लागे. ओलसर डोक्यालाच लावून ठाण्याच्या नऊ नंबरच्या फलाटावर उभा राहिलो की घामाबरोबर ते कपाळावरून थेट डोळ्यांत उतरे, आणि डब्यात शिरेपर्यंत केस असे चिकटून बसत की डोके आहे त्याहून विरळ दिसे. ज्यासाठी हा खटाटोप, त्याच्याच नेमके उलट. म्हणून सकाळचे लावणे मी सोडले. रात्रीचे उरले, तर त्याचेही गणित जमेना. उशीला लागू नये म्हणून झोपण्यापूर्वी दोन ते चार तास आधी लावा, असे सांगतात. नऊ वाजता घरी पोहोचणाऱ्या आणि साडेदहाला आडवे होणाऱ्या माणसाने ते तास आणायचे कुठून? उशीच्या अभ्र्यांवर पिवळट डाग पडले, घरात त्यावरून बोलणी झाली, आणि आठवड्यातून चौदा वेळा लावायचे लोशन मी जेमतेम पाच वेळा लावू लागलो. इतक्या खाड्यांनंतर त्या लवेची काय अवस्था झाली असेल, हे सांगायला नको.

गोळीला असे काहीच लागत नाही. जेवणानंतर पाण्याच्या घोटाबरोबर ती संपते. तिची भीती मात्र वेगळी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. थोड्या पुरुषांत कामेच्छा आणि ताठरता कमी होते. बहुतेकांची तक्रार गोळी थांबवल्यावर जाते, काहींची रेंगाळते. आत्महत्येचे विचार हाही तिचा दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध नियामकाने मे २०२५ मध्ये मान्य केले, त्यामुळे ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. घरात गर्भवती असेल तर तुटलेली गोळी तिच्या हाती लागू देऊ नये. चाळिशी-पन्नाशीनंतर पीएसए ही प्रोस्टेटची रक्तचाचणी करताना गोळी घेत असल्याचे सांगावे, कारण तिने तो आकडा साधारण निम्मा होतो. मला स्वतःला दोन वर्षांत त्रास जाणवला नाही. चुटपुट एकच, की शेवटच्या गोळीनंतर रक्तपेढ्या साधारण महिनाभर थांबायला सांगतात, त्यामुळे सोसायटीच्या शिवजयंतीच्या शिबिरात मी हल्ली रक्तदात्यांना बिस्किटे वाटतो.

परिणाम मोजायला माझ्याकडे मोजपट्टी नाही. नौपाड्यातला माझे केस कापणारा नेहमीचा कारागीर आहे. पहिले सहा महिने त्याने काहीच म्हटले नाही. वर्ष उलटल्यावर मागे आरसा धरून तो म्हणाला, ‘‘साहेब, इथे आता पाणी मारावं लागतंय.’’ कपाळाचे कोपरे मात्र होते तेथेच आहेत. तेथे गोळीकडून फार आशा ठेवू नये.

माझा चुलतभाऊ कोपरखैरण्याला घरूनच काम करतो, त्याला लोशन छान लागू पडले आहे आणि गोळीचे नावही त्याला नको आहे. त्याच्याशी मी वाद घालत नाही. दर गणपतीला गावी जाताना तो बाटली घरी विसरतो आणि परतल्यावर नाराज असतो, इतकेच नोंदवतो.