कोलोरॅडोतला फार्मस्टे : चार स्टार, एक हीटरने खाल्ला

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दोन रात्री राहिलो होतो, डेन्वरहून चारेक तास, वेस्टर्न स्लोपला, म्हणजे रॉकी डोंगरांच्या पश्चिमेकडे. मालकांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, खालचं वाचून कोणीतरी उगाच त्यांना शिव्या घालायला जाईल.

केबिन लाकडी, स्वच्छ. पण हीटर रात्रीत दोनदा बंद पडला आणि गरम पाणी दोघांच्या आंघोळीपुरतंच, तिसऱ्याने बोंबलत बसायचं. नाश्ता मात्र झकास, घरच्या कोंबड्यांची अंडी, बायको व्हेज म्हटल्यावर आजींनी तिला वेगळे बटाटे परतून दिले. आम्ही नेलेली शेंगदाण्याची चटणी आजोबांनी एकट्याने अर्धी संपवली.

आजोबा माउंटन लायनचे शिकारी, म्हणजे कूगर, नावात लायन असला तरी सिंह नाही, साधारण बिबट्याच्या अंगाचा पण बिनठिपक्यांचा. अंगणात सहा शिकारी कुत्रे. नेमकं तेव्हाच घरोघरी बॅलट आले होते, प्रपोझिशन १२७, म्हणजे मतदारांनीच ठरवायचा राज्याचा प्रस्ताव, ही शिकार बंद करायची की नाही. गावात जिकडे तिकडे 'नो'च्या पाट्या, डेन्वरला आमच्या गल्लीत सगळ्या 'येस'च्या. मला मत नाही, ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे, त्यामुळे दोन्हीकडचं निवांत ऐकलं.

मी सरळ विचारलं, कुत्रे मागे लावून कूगरला झाडावर चढवायचं आणि खालून गोळी घालायची, ही कसली शिकार? म्हातारा चिडला नाही. म्हणाला, झाडावर बसला की नीट बघता येतं, नर की मादी, पिल्लं बरोबर असतील तर मारायला बंदीच आहे, आणि बऱ्याचदा आम्ही नुसतं बघून कुत्रे बांधून परत येतो. त्याचा खरा राग लांडग्यांवर होता. २०२० ला शहरवाल्यांच्या मतांवर लांडगे आणायचं ठरलं, २०२३ च्या डिसेंबरात सोडले पण, आणि मेंढरं-वासरं गेली ती इकडची. मला पटलं अर्धंच. १२७ पास झालं असतं तरी जनावरांवर हल्ला करणाऱ्या कूगरला मारायची सोय त्यात होतीच, हे मी म्हटलं तर त्याने विषय बदलला!

सकाळी त्याने ओढ्याकाठी चिखलात कूगरचा ठसा दाखवला, माझ्या तळहाताएवढा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, ह्यात नव्हती, आणि मागच्या गादीला तीन फुगवटे. थोडं पुढे पाल्याखाली झाकून ठेवलेलं हरीण, म्हणाला, अजून खायला येईल, चला इथून. मी जुन्नरकडचा, उसातला बिबट्या ऐकत मोठा झालोय, तरी पाय लटपटले. शेळ्यांचा गोठा त्याने वरूनसुद्धा बंद केलाय, आमच्याकडे अजून कित्येक जण नुसत्या कुंपणावर भागवतात. आमच्याकडे बिबट्याच्या शिकारीला परवानगीच नाही, वनखातं पिंजरा लावतं, हे सांगितल्यावर म्हातारा बराच वेळ गप्प होता, मग विचारलं, पकडून पुढे सोडतात कुठे? मला धड उत्तर देता आलं नाही.

नोव्हेंबरात १२७ पडलं, साधारण ५५ विरुद्ध ४५ टक्के.

शेवटचा रस्ता कच्चा आहे, मोबाईलला रेंज नाही, अंधारानंतर पोरांना एकटं बाहेर सोडू नका. बुकिंग करताना हीटर दुरुस्त झाला का ते आधी विचारा.